तीन वर्षं दहा महिने, नगरसेवक शून्य

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली. त्यानंतरचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली तीन वर्षं दहा महिने पालिकेत लोकांनी निवडून दिलेलं कुणीच नव्हतं. सभागृहाचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकट्या प्रशासकाकडे, म्हणजे आयुक्तांकडे होते.

आणीबाणीत बरंच काही हिरावलं गेलं. पण फक्त निवडणुकीचं बोलायचं, तर मार्च १९७६ मध्ये अपेक्षित असलेली लोकसभा निवडणूक मार्च १९७७ मध्ये झाली. एका वर्षाचा तो उशीर देश अजून विसरलेला नाही. मुंबईत जवळपास चौपट उशीर झाला, तोही कुणाला तुरुंगात न टाकता.

पालिकेची निवडणूक मुदतीआधी घ्यावी, असं राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं. मग अडलं कुठे? आधी ओबीसी आरक्षणाचा पेच. मग महाविकास आघाडी सरकारने प्रभाग २२७ चे २३६ केले, शिंदे सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा २२७ केले आणि प्रकरण न्यायालयात अडकलं. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, तरी पुढे मुदतवाढ लागलीच. प्रत्येक पायरीला कायदेशीर कारण होतं, म्हणूनच रस्त्यावर फारसं कुणी उतरलं नाही. मला याचीच जास्त भीती वाटते.

आता पैसा. २०२३-२४ चं बजेट ५२,६१९ कोटींचं, पुढच्या वर्षी ५९,९५४ कोटी, २०२५-२६ ला ७४,४२७ कोटी. तीन वर्षांचे मिळून सुमारे १ लाख ८७ हजार कोटी रुपये, आणि त्यांवर सभागृहात एकही कपातसूचना नाही.

अंधेरीचा गोखले पूल याच काळातला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची पातळीच जुळेना. नगरसेवक असते तर चूक टळलीच असती असं नाही. पण प्रभाग समितीत अभियंत्याला उभं करून जाब विचारता आला असता. अंधेरीकरांच्या हातात उरला तो तक्रार अर्ज.

पुढची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. प्रभागरचना आणि आरक्षण २०३० मध्येच पक्कं करून घेऊ, असं मुलुंड-बोरिवलीच्या मतदारांनी आपापल्या नगरसेवकाकडून आत्ताच लेखी घ्यावं.