'पिकासो' लिहून झाल्यावर

चरित्र छापून झाले, की वाचक चरित्रनायकाबद्दल बोलू लागतात. ज्याने चार-पाचशे पानांची मजल मारली त्या लेखकाचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. माधुरी पुरंदरे यांच्याबाबतीत मात्र ते विचारण्याजोगे आहे.

त्यांचे 'पिकासो' हे चरित्र 1988 साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण, पुढे फ्रान्समध्ये कलेचा अभ्यास आणि पुण्यात अनेक वर्षे फ्रेंचचे अध्यापन. म्हणजे चित्र आणि फ्रेंच, दोन्ही कुलपांच्या किल्ल्या हाती होत्या. शिवाय विषयही साधा नव्हे. 26 एप्रिल 1937 रोजी स्पेनमधील गेर्निका गावावर जर्मन व इटालियन विमानांनी बाँब टाकले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी पिकासोने सुमारे साडेअकरा फूट उंच व साडेपंचवीस फूट लांब चित्र रंगविले, तेही केवळ काळ्या, पांढऱ्या व करड्या रंगांत. 1940 ते 1944 पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना त्याला प्रदर्शन भरविण्यास मनाई होती. तरी तो तेथेच राहून काम करीत होता.

एवढे पुस्तक गाजल्यावर आम्हा वाणिज्यवाल्यांच्या हिशेबाने दुसऱ्या थोर चित्रकाराचे चरित्र यायला हवे. खपलेल्या मालाचीच पुढची खेप काढावी! पण बाईंचे नाव पुढे घरोघरी पोचले ते मुलांच्या पुस्तकांनी. काहींना ही उतरण वाटेल. मला तसे वाटत नाही.

त्यांचे घर पाहा. वडील बाबासाहेब पुरंदरे शिवचरित्रकार, तर आई निर्मलाबाईंनी 'वनस्थळी'मार्फत खेड्यांतील बालवाड्यांसाठी आयुष्य वेचले. चरित्र आणि मूल, दोन्ही घरचेच.

'राधाचं घर' ही छोटी पुस्तके त्यांनी स्वतः लिहिली आणि चित्रेही स्वतःच काढली. 'वाचू आनंदे'मध्ये मराठी साहित्यातील वेचे आहेत आणि त्यांच्या शेजारी भारतीय चित्र-शिल्पकलेचे नमुने आहेत. ते पान भरण्यासाठी घातलेले नाहीत. उतारा वाचावा तसेच तेही थांबून पाहावेत, अशी योजना आहे. 'चित्रवाचन' या नावातच सारे आले. पिकासोची चित्रे वर्षानुवर्षे न्याहाळलेल्या डोळ्यांची कमाई येथे मुलांच्या पदरात पडली, असे मी म्हणेन. 2014 साली साहित्य अकादमीने त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला.

आपल्या भागाला तर या कामाची विशेष गरज आहे. निपाणीच्या बाजारात वाक्य मराठीत सुरू होते आणि कन्नडमध्ये संपते. त्यात काही बिघडत नाही, उलट मजाच आहे! परंतु मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलांची लेखी भाषा त्यामुळे पुष्कळदा अडखळते, आणि शाळेतले व्याकरण म्हणजे घोकंपट्टी. 'लिहावे नेटके' हा त्यांचा संच तेच व्याकरण उदाहरणे देऊन, सोडवायला लावून शिकवितो. वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानेही तो उघडण्यास लाजू नये. अर्ज आणि अहवाल लिहिताना तो उपयोगी पडतो, हा माझा अनुभव आहे. आणि 'राधाचं घर' अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांपुढे ठेवून पाहा. अक्षरे नाही लागली तरी आजी कोणती आणि राधा कोणती, हे त्यांना चित्रावरून सांगता येईल.