स्वरांना अक्षररूप देणारी माणसे

ज्या मराठी घरात गाण्याची थोडीफार परंपरा आहे, तेथे पेटीच्या शेजारी पाने सुटू लागलेले एखादे 'क्रमिक पुस्तक' हमखास आढळते. त्यावर पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे नाव असते आणि ते आपण आदराने घेतो. परंतु कोणाच्या कंठातील चीज कागदावर कशी उतरली, ती कोणी छापली, त्या उद्योगात कोणाचे आयुष्य कसे गेले, हा विचार सहसा मनात येत नाही. या लेखात त्या माणसांचे थोडे स्मरण करावयाचे आहे.

आपल्याकडे गाणे मुखातून कानात आणि कानातून कंठात जात असे. ते लिहून ठेवणे म्हणजे घरातील ठेवा चव्हाट्यावर मांडणे, अशीच अनेक घराण्यांची भावना होती. अशा काळात वडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली गायनशाळा निघाली. तिचे प्रमुख मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलिपी योजिली आणि तीत क्रमिक पुस्तके सिद्ध केली. शाळा म्हटली की वर्ग आला, वर्ग आला की पाठ्यपुस्तक आले. स्वरलिपीच्या छपाईला खरी चालना मिळाली ती या साध्या गरजेतून.

भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशाने वकील. पत्नी आणि कन्या यांच्या निधनानंतर त्यांनी वकिलीतून लक्ष काढून घेतले आणि उरलेले आयुष्य संगीताला वाहिले. देशभर हिंडून, गुणीजनांची मनधरणी करून त्यांनी चिजा मिळविल्या. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सुमारे १८०० चिजा आहेत. शेवटचे भाग त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. त्यांच्या ग्रंथांच्या प्रकाशनाचा भार भालचंद्र सीताराम सुकथनकर यांनी उचलला. पुस्तक उघडताना प्रकाशकाच्या नावाकडे आपले लक्ष जात नाही, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांचा मार्ग निराळा. बालपणी फटाक्याने दृष्टी अधू झालेल्या या गायकाने १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. विद्यार्थ्यांना पुस्तके हवीत म्हणून स्वतःचा छापखाना घातला, स्वतःची स्वरलिपी चालविली. मैफलीत मिळालेला पैसा विद्यालयात आणि छपाईत जाई. पुढे मुंबईत विद्यालयाची वास्तू उभारताना झालेले कर्ज फिटेना आणि अखेर ती वास्तू लिलावात गेली. या व्यवसायात कोणी गबर झाला नाही, एवढे यावरून समजावे.

ग्वाल्हेरीस १९१८ साली माधव संगीत विद्यालय निघाले. तेथील राजाभैया पूछवाले मुळात घराण्याच्या तालमीत वाढलेले गवई. त्यांनी भातखंडे यांच्याकडून स्वरलेखन आत्मसात केले आणि 'तानमालिके'सारखी पुस्तके स्वतः लिहिली. गवयाने लेखक व्हावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

चौथे नाव मराठी नव्हे, पण त्यांचे ऋण आपल्यावर आहे. हास्यकवी म्हणून गाजलेले काका हाथरसी, म्हणजेच प्रभुलाल गर्ग, यांनी पोटासाठी मुनिमी केली. १९३२ साली त्यांनी हाथरस या लहानशा गावी 'संगीत कार्यालय' काढले आणि १९३५ साली 'संगीत' मासिक सुरू केले. पुढे संपादनाची धुरा त्यांचे पुत्र लक्ष्मीनारायण गर्ग यांनी वाहिली. भातखंडे यांचे मूळ मराठी विवेचन हिंदीत आणून याच संस्थेने ते उत्तर हिंदुस्थानात घरोघर पोहोचविले.

ही झाली नावाजलेली माणसे. ज्यांचे नाव कोठेच नाही, ते खिळे जुळविणारे जुळारी. लहानपणी मी वडिलांबरोबर आमच्या गावच्या एका छापखान्यात जात असे. तेथे एक वृद्ध जुळारी होते. साधा मजकूर ते बोलता बोलता जुळवीत. पण स्वरलिपीचे पान आले की तोंड मिटत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू. एका मात्रेतील स्वरांना खालून चंद्रकोर, मिंडेला वरून कमान. स्वरांच्या ओळीखाली चिजेचे अक्षर, त्याखाली समेची फुली आणि खालीचे शून्य. आणि हे सारे उभ्या ओळीत एकाखाली एक. एक खिळा इंचाच्या अंशाने सरकला, तरी अक्षर भलत्याच मात्रेवर जाऊन पडे.

चुकीची किंमतही मोठी. मध्यमावरची उभी रेघ गळाली की यमन बिलावलाच्या वाटेने जातो. गांधाराखालची आडवी रेघ राहिली की काफी खमाजाकडे झुकतो. म्हणून प्रुफे तपासणारा माणूस गाणे जाणणारा लागे. माझे वडील ते काम करीत. नोकरी सांभाळून, रात्री कंदिलाशेजारी बसून, ओठांतल्या ओठांत गुणगुणत ते प्रुफे वाचीत. मोबदला म्हणून पुस्तकाची एक प्रत मिळे. त्यांच्या संग्रहातील प्रत्येक पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्या होत्या: छापताना निसटलेल्या, आणि काही त्यांच्या गुरुजींनी सांगितलेल्या.

वडील गेल्यावर घर आवरताना ती जीर्ण पुस्तके मी रद्दीत दिली. नव्या आवृत्त्या बाजारात मिळतात, असा माझा शहाणपणाचा हिशेब होता. काही वर्षांनी माझी पुतणी गाणे शिकू लागली. नव्या प्रतीतील एक चीज काही केल्या तिच्या शिक्षिकेच्या गळ्याशी जुळेना. "आजोबांच्या पुस्तकात काय लिहिलं होतं, काका?" असे तिने विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. एम. ए. पर्यंत मराठी शिकलेल्या, पाठभेदांचे महत्त्व वर्गात शिकविणाऱ्या माणसाने घरातले पाठभेद तराजूत घातले होते.

आज खिळे गेले, जुळारीही गेले. संगणकावर स्वरलिपीचे पान आता घरबसल्या मांडता येते. यंत्र रेघ सरळ काढील. ती योग्य स्वराखाली आहे की नाही, हे मात्र गाणे जाणणाऱ्या माणसालाच पाहावे लागेल. ज्या तरुणांना गाणे येते पण मैफलीचा गळा नाही, त्यांना हे काम अजूनही खुले आहे. पैसा बेताचाच मिळेल. पण एखादी चीज आपल्या नजरेखालून शुद्ध होऊन पुढच्या पिढीला मिळाली, हे समाधान थोडके नव्हे.

आणि वाचकांस एक विनंती. दिवाळीपूर्वी कपाटे आवरताना स्वरलिपीचे एखादे जुने पुस्तक हाती आले, तर रद्दीच्या गठ्ठ्यात टाकण्यापूर्वी त्याचे समास एकदा पाहा. पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, तर ते पुस्तक राहू द्या.