खांदेरीचा दीप

थळच्या किनाऱ्यावरून शिडाच्या होडीने खांदेरीस जाणाऱ्या युवक-पथकाने परवानगीचे सोपस्कार आधी उरकून पहाटेच निघावे. त्या वेळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो; दुपारनंतर खारा वारा शिडात भरून परत आणतो. मात्र तांडेलाचा शब्द अखेरचा.

१६७९ साली इंग्रजांचा विरोध न जुमानता शिवछत्रपतींनी या बेटावर दुर्ग उभारण्यास घेतला. १८६७ साली तेथे दीपगृह झाले. पालीत ‘दीप’ म्हणजे दिवा आणि बेटही. येथे दोन्ही अर्थ एकाच खडकावर नांदतात!

स्वयंसेवकांनी करावयाचे काम साधे, परंतु जोखमीचे: दीपकक्षाच्या बाहेरील काचा पुसणे. खाऱ्या तुषारांचा थर साचला की प्रकाश विखुरतो व दुरून अंधूक दिसतो. कोरड्या फडक्याने घासल्यास मिठाच्या थरातील वाळूचे कण काचेवर चरे पाडू शकतात. म्हणून आधी गोडे पाणी, मग मऊ कापड. आतील भिंगास हात लावू नये. ते काम दीपगृहाच्या कर्मचाऱ्यांचे. परिसरातील प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीची लय सहसा निराळी असते आणि खलाशी सेकंद मोजून ठिकाण ओळखतो. एखादी झळक मलीन काचेमुळे हुकली, तर मोजणी चुकते आणि परका खलाशी खडकांच्या दिशेने सुकाणू वळवू शकतो.