पोळं हलवायचंय? आधी माशी ओळखा!

गॅलरीच्या छताला पोळं दिसलं की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: 'पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर आहे का कुणाकडे?' तो नंबर शोधण्याआधी पाच मिनिटं लांब उभं राहून नीट बघा. पोळं उघड्यावर आहे की पोकळीत? एकच आहे की एकामागे एक अनेक? केवढं आहे? माशी केवढी आहे? पुढचं सगळं या उत्तरांवर ठरतं. आपल्या घरादारात वस्तीला येणाऱ्या मधमाश्या एका जातीच्या नाहीत. एकीला बिनधोक हलवता येतं, दुसरीला हलवताच येत नाही, तर तिसरीला हलवायची गरजच नसते.

मुळात मधमाशीच आहे ना?

खिडकीच्या चौकटीला मातीचं इवलंसं गाडगं चिकटलंय? ती कुंभारीण. एकटीच राहते, पिल्लांसाठी त्या गाडग्यात अळ्या किंवा कोळी साठवते आणि तोंड लिंपून निघून जाते. राखायला वसाहत नाही, त्यामुळे झुंडीनं अंगावर येण्याचा प्रश्नच नाही. करड्या कागदी लगद्याचं, खाली उघडी भोकं असलेलं छोटं घरटं असेल तर ती गांधीलमाशी. तिच्याकडे मधही नाही आणि मेणही नाही. लाकूड चावून केलेल्या लगद्यावर तिचा संसार चालतो. बारीक कंबर, तुळतुळीत अंग. मधमाशी मात्र केसाळ असते, आणि त्या केसांतच परागकण अडकतात.

आता खऱ्या मधमाश्या. कुंडीतल्या झुडपावर किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीवर तळहाताएवढं एकच पोळं आणि माशी अगदी बारीक: फुलोरी. भिंतीच्या भेगेतून, मीटरच्या पेटीतून, जुन्या ट्रंकेच्या फटीतून सतत ये-जा: सातेरी. भिंतीच्या भोकातून बाहेर आलेली मेण-राळेची बारीकशी नळी आणि भोवती चिलटांएवढ्या काळ्या माश्या: पोया. आणि उंच मजल्याच्या सज्जाखाली उघड्यावर लोंबणारं, हातभर-दोन हात रुंद पोळं, त्यावर माश्यांचा जाड थर: आग्या. या शेवटच्या नावाला मान द्यायचा. तिच्याकडे वेगळं वळू.

नुसताच घोस लटकलाय? मग तो पाहुणा आहे

कधी कधी पोळं नसतंच. फांदीला, गाडीच्या आरशाला, कुंपणाच्या खांबाला हजारो माश्यांचा नुसता घोस लटकलेला असतो. वसाहत फार वाढली की जुनी राणी निम्म्याच्या वर माश्या घेऊन घर सोडते, मागचं भरलेलं घर लेकीला ठेवते आणि वाटेत असा मुक्काम टाकते. या माश्यांची पोटं मधानं भरलेली असतात. राखायला ना पिल्लं, ना साठा. म्हणून त्या एरवीपेक्षा बऱ्याच शांत असतात. दगड मारला नाही, पाणी ओतलं नाही, तर बहुतेक वेळा काही तासांत नाही तर एक-दोन दिवसांत घोस आपणहून उडून जातो. मधमाश्या पाळणारा मधुपाल जवळपास असेल तर त्याच्यासाठी हे सगळ्यात सोपं काम: खाली पेटी धरायची, फांदीला एक झटका द्यायचा आणि राणी आत पडलीय एवढी खात्री करायची.

घर बघायला येणाऱ्या माश्या

घोस लटकलेला असताना त्यातल्या अनुभवी माश्या आजूबाजूला जागा शोधत फिरतात. हे कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. १९४९ साली म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या संशोधकाला अशा एका घोसावर नाचणाऱ्या माश्या दिसल्या. मधमाशी नाचातून इतरांना फुलांची दिशा आणि अंतर सांगते, हे त्याचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांनी आधीच दाखवून दिलं होतं (त्या संशोधनाचं नोबेल त्यांना १९७३ साली मिळालं). पण या नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर परागकण नव्हते. कुणी काजळीनं काळी झाली होती, कुणी विटांच्या भुकटीनं लाल. युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरातली धुराडी आणि पडक्या भिंती पाहून आलेल्या या माश्या फुलांची नाही, घरांची जाहिरात करत होत्या!

पुढे अमेरिकेच्या थॉमस सीली यांनी या माश्यांच्या आवडीनिवडी मोजून काढल्या. युरोपीय मधमाशीला साधारण ४० लिटरची पोकळी, लहानसं दार आणि जमिनीपासून उंची हवी असते. एखाद्या जागेवर २०-३० टेहळ्या माश्या एका वेळी जमल्या की निर्णय पक्का, आणि सगळा घोस तिकडे झेपावतो. आपल्या सातेरीला याहून लहान पोकळी पुरते, म्हणूनच पाण्याच्या मीटरचा खड्डा किंवा बंद पडलेला लाकडी स्पीकरही तिला पसंत पडतो. सांगायचा मुद्दा असा, की तुमच्या भिंतीतल्या एखाद्या भोकाभोवती दोन दिवस माश्या घिरट्या घालताना दिसल्या, तर तेव्हाच ते बुजवा. वसाहत आत शिरली की काम दहापट वाढतं.

औषध मारल्यावर भिंतीत काय होतं?

आतल्या माश्या मरतात, पोळी तशीच राहतात, आणि खरी कटकट तिथून सुरू होते. जिवंत वसाहत पिल्लांच्या भागाचं तापमान ३४-३५ अंशांवर धरून ठेवते. उकाडा वाढला की माश्या पाणी आणतात आणि पंखांनी वारा घालतात. मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं खरं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं आणि मधाच्या वजनानं पोळं सुटून येतं. वारा घालणारं कुणी उरलं नाही की मध भिंतीतून पाझरतो, आंबतो. मेलेल्या अळ्या कुजतात. मुंग्या येतात, झुरळं येतात, मेणपतंगाच्या अळ्या पोळ्यात जाळी विणतात. त्यात तो मध विषारी झालेला, तो चाखायला आलेल्या शेजारपाजारच्या माश्याही मरतात. आणि जुन्या मेणाचा वास पुढच्या घोसाला त्याच जागी बोलावतो. म्हणजे पैसे देऊन माश्या मारायच्या, भिंत खराब करायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच! मशाल लावून पोळं जाळणं हा याहून क्रूर आणि याहून धोक्याचा प्रकार. त्याच्या वाटेला जाऊच नका.

सातेरीचं बिऱ्हाड असं हलतं

सातेरी ही पेटीत राहायला राजी होणारी माशी. महाबळेश्वरच्या परिसरात ती पिढ्यान्पिढ्या पाळली जाते. तिथलंच मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. त्यामुळे भिंतीतून काढलेली सातेरी वाया जात नाही, कुणाच्या तरी पेटीत नांदते.

ऊन उतरल्यावर मधुपाल येतो. आधी धुराड्याचा हलका धूर. मग फट मोठी करून, कधी दोन-चार विटा काढून, समांतर लटकलेली पोळी एकेक करून कापायची. यातली कोणती जपायची, हा सगळ्या कामाचा गाभा. मधाची पोळी जड असतात. ती पेटीत फुटली तर माश्या मधात बुडून मरतात, म्हणून ती बाजूला. अंडी-अळ्यांची पोळी मात्र लाकडी चौकटीत बसवून केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं बांधायची. काही दिवसांत माश्या ते पोळं मेणानं चौकटीला जोडून घेतात आणि नको झालेला दोरा कुरतडून टाकतात. ही पिल्लं म्हणजे वसाहतीचा नांगर. सातेरी स्वभावानं चंचल, जागा आवडली नाही तर सगळं टाकून उडून जाते. पण अळ्या सोबत असल्या तर तिचा पाय तिथे रुतण्याची शक्यता कितीतरी वाढते.

मग राणी. ती सापडून पेटीत गेली की दारातल्या काही माश्या पोट वर करून पंख फडफडवू लागतात. त्या एक गंध सोडत असतात: 'इकडे या, घर इथे आहे.' त्या गंधातला सिट्राल हा घटक आपल्या गवती चहातही असतो, म्हणून रिकाम्या पेटीत गवती चहाचं तेल चोळून घोसाला आमंत्रण देण्याची युक्ती मधुपालांमध्ये चालते. तो फडफडाट दिसला की मधुपालाचा जीव भांड्यात पडतो, कारण उरलेल्या माश्या मग रांगेनं चालत आत जातात. पहिले काही दिवस दाराला राणीफाटक लावतात. त्याच्या फटीतून कामकरी माश्या जातात, अंगानं मोठी राणी अडते.

आणि राणी चेंगरली तर? पोळ्यात ताजी अंडी किंवा अगदी कोवळ्या अळ्या असतील तर माश्या त्यांतल्याच काहींना खास खाद्य देऊन साधारण पंधरवड्यात नवी राणी उभी करतात. म्हणून घाईनं सगळं खरवडणाऱ्यापेक्षा अळ्या जपणारा माणूस निवडावा.

पेटी उचलायची ती रात्री, सगळ्या माश्या परतल्यावर. आणि न्यायची दोन-तीन किलोमीटर दूर. अंगणाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली तर दुसऱ्या दिवशी चरायला गेलेल्या माश्या सवयीनं जुन्याच भिंतीपाशी परततात आणि तिथेच गोळा होऊन बसतात. दूरच्या अनोळखी मुलखात मात्र त्या पेटीसमोर उडून आजूबाजूच्या खुणा नव्यानं पाठ करतात.

फुलोरी आणि पोया

फुलोरीचं पोळं फांदीला धरून असतं. मुंग्या येऊ नयेत म्हणून ती फांदीच्या दोन्ही बाजूंना राळेचं चिकट कडं करते. हलवणं भागच असेल तर जाणकार संध्याकाळी पोळ्यासकट फांदी कापून दुसऱ्या झाडाला बांधतो. पण येण्याजाण्याच्या वाटेत नसेल तर तिला राहू द्या. इतकी छोटी वसाहत, इतकी शांत माशी आणि गच्चीतल्या काकडीला घरबसल्या परागीभवन!

पोयाला डंखच नाही. तिला भिंत न फोडताही हलवता येतं: भोकाला नळी जोडून ती एका पेटीतून बाहेर काढायची, म्हणजे माश्यांना ये-जा करताना पेटीतूनच जावं लागतं. काही महिन्यांत त्या पेटीतही संसार मांडतात. धीराचं काम आहे, पण भिंत शाबूत राहते.

आग्या: हिच्यापुढे पेटी चालत नाही

आग्या उघड्यावरच राहते आणि ऋतूप्रमाणे मुलूख बदलते. तिला पेटीत कोंडणं तिच्या स्वभावातच बसत नाही. 'आम्ही आग्या मोहोळ सुरक्षित दुसरीकडे लावून देतो' असं कुणी म्हणालं तर कसं लावणार ते खोदून विचारा. बहुतेक वेळा होतं एवढंच, की पोळं कापलं जातं, माश्या उडतात आणि काही दिवसांत तिथेच किंवा शेजारच्या इमारतीला नवं पोळं लागतं.

ही माशी जागा विसरत नाही. २००० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जनुकीय तपासणीवरून दिसलं, की स्थलांतर करून गेलेल्या आग्या वसाहती पुन्हा आपल्या जुन्याच जागी परततात. म्हणून शहाणा उपाय एकच: पोळ्याजवळची खिडकी बंद ठेवायची, त्या बाजूला जाणं टाळायचं, काही महिन्यांत मोहोळ उठून गेलं की मेणाचा डाग खरवडून धुवायचा आणि सज्जाला जाळी ठोकायची. पोळं शाळेच्या दारावर किंवा दवाखान्याच्या जिन्यात असेल तर मात्र थांबणं शक्य नसतं. तिथे अनुभवी पथकानं, रात्री, माणसं हलवूनच काम करायचं.

तोवर तिचे खेळ लांबून बघण्यासारखे असतात. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या माश्या एकापाठोपाठ एक पोट उचलतात आणि चमकती लाट पोळ्यावरून सरकत जाते. ही लाट गांधीलमाश्यांना दूर ठेवते, हे २००८ साली प्रयोगांनी दाखवून दिलं. आग्या चांदण्या रात्री चरायलाही जाते! म्हणूनच पोळ्याजवळच्या गॅलरीत रात्री ट्यूब लावली की माश्या घरात येतात. दिवा बंद करा किंवा जाड पडदा ओढा. निम्मी तक्रार तिथेच संपते.

आग्या विनाकारण उठत नाही. पतंगाचा मांजा, फटाके, ड्रोन, खालून येणारा धूर, नेमबाजी करणारी पोरं ही नेहमीची कारणं. कधी मोहोळ घार पोळ्यावर झडप घालते आणि खवळलेल्या माश्या खालच्या माणसांवर येतात. आपल्या किल्ल्यांवर आणि लेण्यांमध्ये माश्या उठण्याचे प्रकार वारंवार होतात, तिथे शेकोटी आणि आरडाओरडा टाळणं हाच मोठा बचाव.

केळ्याचा वास आला तर पळा

मधमाशी डंख मारते तेव्हा आयसोपेंटाइल ॲसिटेट नावाचं रसायन हवेत जातं. पिकलेल्या केळ्याला येतो तोच वास. इतर माश्यांसाठी तो हल्ल्याचा इशारा असतो, म्हणून एक चावली की मागोमाग दहा येतात. मधुपालाचा धूर हा इशारा दाबून टाकतो. शिवाय धूर जाणवताच माश्या आग लागली असं समजून पोटात मध भरायला लागतात.

अंगावर माश्या आल्या तर हात झाडत बसू नका. तोंड आणि डोळे झाकून थेट बंद खोलीकडे किंवा गाडीकडे पळा. पाण्यात उडी नको. वर घोंघावणाऱ्या माश्या वाट बघत राहतात. काटा रुतून राहतो आणि त्याच्या पिशवीतून विष आत जातच राहतं, त्यामुळे नखानं, कार्डानं, कशानंही का होईना, पण तो ताबडतोब काढा. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली किंवा डंख भरपूर असले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

बोलवायचं कुणाला?

पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे; प्रशिक्षित मधुपालांची चौकशी इथून सुरू करता येते. पुण्याच्याच अमित गोडसे यांनी राहत्या सोसायटीत औषध मारून पोळं संपवलेलं पाहिलं, सॉफ्टवेअरची नोकरी सोडली आणि 'बी बास्केट' सुरू केलं. हजारो पोळी त्यांनी वाचवली आहेत.

येणाऱ्याला फोनवरच विचारा: माशी कोणती आहे ते आधी बघणार का? अळ्यांची पोळी चौकटीत बांधणार का? पेटी कुठे नेणार? मध मिळणार का, हा प्रश्न नंतरचा; मागे कधी औषध मारलं असेल तर तो मध खायचाच नाही. आणि काम झाल्यावर पोकळीतलं मेण पूर्ण खरवडून, जागा साबणानं धुऊन, फट त्याच आठवड्यात सिमेंटनं बुजवून घ्या. पेन्सिल शिरेल एवढं भोक सातेरीला दार म्हणून पुरतं.