इथाकेच्या घरात कोण कोण होतं?

‘ओडिसी’च्या पहिल्याच सर्गात, अजून घरी न परतलेल्या ओडिसियसची बायको पेनेलपी इथाकेतल्या घरात माडीवरून खाली येते. बैठकीत भाट ट्रॉयहून परतणाऱ्यांच्या हालांचं गाणं गातोय, ते तिला ऐकवत नाही. दुसरं काही गा, असं ती म्हणते. तर तिचा मुलगा टेलिमॅकस चारचौघांत तिला सुनावतो, की वर जा, मागावर बस, बोलणं हे पुरुषांचं काम. आणि ती मुकाट्याने वर जाते. वर गेलेली ही बाई मग काय म्हणाली असेल, याचा शोध पाश्चात्त्य कवयित्री गेली शंभरेक वर्षं घेत आहेत.

पहिला मान मात्र एका पुरुषाचा. रोमन कवी ओव्हिडने ‘हेरॉइडीस’मध्ये पुराणकथांतल्या बायकांची काल्पनिक पत्रं लिहिली, पहिलंच पत्र पेनेलपीचं. तू निघालास तेव्हा मी पोरगी होते, आता लगेच आलास तरी तुला म्हातारी दिसेन, अशा अर्थाचा त्याचा शेवट आहे. तक्रार रास्तच, पण सगळी नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून.

हा सूर १९१७मध्ये एच. डी. या अमेरिकन कवयित्रीने मोडला. तिची ‘युरिडिसी’ आपल्याला पाताळातून परत आणायला आलेल्या नवऱ्यावर, ऑर्फियसवर, भडकलेली आहे. मी पाताळात निवांत होते, तुझ्या अहंकारापायी उजेडाची आशा दाखवलीस आणि मागे वळून तीही घालवलीस! बायकोला परत यायचंय का, हे ऑर्फियसने तिला विचारलंच नव्हतं. ब्याऐंशी वर्षांनी कॅरल ॲन डफीने त्याच प्रसंगाचं प्रहसन केलं. तिची युरिडिसी नवऱ्याच्या कवितेची तोंडभरून स्तुती करते, तो खुशीत मागे वळतो आणि तिची सुटका होते. कवींच्या बायकांनी वाचावी अशी ही कविता आहे.

डफीचा ‘द वर्ल्ड्स वाइफ’ (१९९९) हा तीस कवितांचा संग्रह या परंपरेतला सर्वांत लोकप्रिय. सगळाच काही सारख्या तोलाचा नाही. ‘मिसेस इकेरस’ पाच ओळींची कोटी आहे, एकदा हसून विसरावी. पण ‘मिसेस मिडास’ पुन्हापुन्हा वाचावी. सप्टेंबरची संध्याकाळ, चुलीवर रांधणं चाललंय, नवरा बागेत नाशपातीची डहाळी मोडतो आणि ती हातात सोन्याची होते. बाईला आनंद होणं दूरच.  ती नवऱ्याला खोलीच्या पार पलीकडे बसवते, मांजर कोंडून ठेवते, रात्री दाराला खुर्ची लावते आणि शेवटी त्याची रवानगी लांबच्या कॅराव्हॅनमध्ये करते. वर मागताना माझा विचार केलास का, हा तिचा सवाल आहे. तरी शेवटी तिला आठवण येते ती त्याच्या हातांचीच, त्यांच्या स्पर्शाची. राग आणि ओढ एकाच वाक्यात नांदतात, म्हणून ही कविता घोषणा होत नाही.

पुन्हा पेनेलपीकडे यायचं तर, अथेन्सची कवयित्री कातेरिना अँगेलाकी-रूक हिची पेनेलपी विणत नाही, लिहिते आणि खोडते. लुईज ग्लुकने ‘मेडोलँड्स’मध्ये (१९९६) हीच कथा आजच्या एका मोडत चाललेल्या संसाराशेजारी ठेवली, तिथे आईवडिलांकडे तटस्थपणे पाहणारा टेलिमॅकस पेनेलपीपेक्षाही लक्षात राहतो.

माझ्या मते खरी अडचण मार्गारेट ॲटवुडने ओळखली. ‘द पेनेलपियड’ (२००५) ही कादंबरी, पण तिच्यात मधूनमधून पद्यात बोलतात त्या फासावर गेलेल्या बारा दासी. होमरच्या कथेत घरात पन्नास दासी, त्यांतल्या बारा जणी पेनेलपीला मागणी घालणाऱ्या पुरुषांशी संबंध ठेवल्याबद्दल दोषी ठरतात. ओडिसियस परतून त्या पुरुषांची कत्तल करतो, तेव्हा आधी या दासींकडून प्रेतं उचलून घेतात, रक्ताने माखलेली टेबलं पुसून घेतात, मग जहाजाच्या दोराला लटकवतात. पेनेलपी तेव्हा झोपलेली! ॲटवुडच्या दासी तर मालकिणीच्याच सांगण्यावरून हेरगिरी करत होत्या. म्हणजे उपेक्षित बायको ही मालकीणही आहे, आणि तिला बोलकं करणाऱ्या बहुतेक कविता हे सोयीस्करपणे विसरतात.

होमर स्वतः विसरलेला नाही. विसाव्या सर्गात, कत्तलीच्या दिवशी पहाटे, बारा दळणाऱ्या बायकांपैकी अकरा जणी झोपल्यात. सर्वांत अशक्त असलेली एकटीच अजून जात्यावर आहे, कारण तिचं दळण संपलेलं नाही. आपल्याकडे जात्यावरच्या बाईने सीतेचा वनवास स्वतःच्या ओवीत गायला, तिला कुणी कवयित्री उसनी आणावी लागली नाही. इथाकेतली ही बाईही जातं थांबवून बोलते. माझे गुडघे मोडेपर्यंत पीठ दळायला लावणाऱ्यांचं आजचं जेवण शेवटचं ठरो, असं ती झ्यूसकडे मागते. ओडिसियस ते ऐकतो, आणि आपल्याला शुभशकुन झाला म्हणून खूश होतो.