यंत्राबरोबर लिहिलेल्या नऊ कथा

विद्यार्थ्यांनो, परीक्षेत 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न तुम्ही नेहमी सोडवता. 'आईने तव्यावर भाकरी ........' असे वाक्य दिले, तर तुम्ही लगेच 'भाजली' असे लिहाल. भाकरी 'शिवली' असे कोणी लिहिणार नाही. याचे कारण उघड आहे. अशी वाक्ये तुम्ही कितीतरी वेळा ऐकली आणि वाचली आहेत. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, हे तुमच्या अंगवळणी पडले आहे.

हेच काम आता संगणकही करतो. अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने २०२० साली जीपीटी-३ नावाची प्रणाली तयार केली. पुस्तके, लेख आणि इंटरनेटवरील मजकूर यांतील अब्जावधी शब्द तिला पुरवले होते. आपण एक वाक्य द्यायचे. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, याचा हिशोब करून ती शब्दामागून शब्द लिहीत जाते. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. 'बुद्धिमत्ता' हा शब्द मला जरा मोठाच वाटतो. पण तो आता रूढ झाला आहे.

अशा यंत्राची एका लेखिकेने मदत घेतली. तिचे नाव वौहिनी वारा. त्या भारतीय वंशाच्या अमेरिकन लेखिका आणि पत्रकार आहेत. वारा नववीत होत्या, म्हणजे साधारण तुमच्याच वयाच्या होत्या, तेव्हा अकरावीत शिकणाऱ्या त्यांच्या मोठ्या बहिणीला हाडांचा कर्करोग झाला. काही वर्षांनी ती वारली. पुढे वारा लेखिका झाल्या, पण बहिणीच्या मृत्यूविषयी त्यांना लिहिता येईना. लिहिण्याचाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनाही शब्द सापडेनात.

उर्दू शायरीत शागिर्द आपली गझल उस्तादांना दाखवतो आणि उस्ताद तिची इस्लाह करतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मिर्झा गालिब तर पत्रांतूनही इस्लाह देत असत. पण उस्ताद सुधारतात त्या लिहिलेल्या ओळी. वारांजवळ दाखवायला ओळीच नव्हत्या! म्हणून त्यांनी यंत्रापुढे एकच वाक्य ठेवले. त्यात आपण दोघी तेव्हा कोणत्या इयत्तांत होतो आणि बहिणीला कोणता आजार झाला, एवढेच सांगितले होते. पुढची कथा यंत्राने लिहायची होती.

यंत्राने ती झरझर लिहिली आणि शेवटी बहिणीला चक्क बरे करून टाकले! कथा म्हणून ती वाईट नव्हती, पण ती खोटी होती. वारांच्या घरात जे घडले, ते यंत्राला कसे ठाऊक असणार? रिकामी जागा त्याने आपल्या हिशोबाने भरली होती.

वारांनी यंत्र बंद केले नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी स्वतः थोडे अधिक लिहिले. यंत्राने पुन्हा निराळीच कथा रचली. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, असे नऊ वेळा झाले. प्रत्येक वेळी वारा आपल्या आठवणीतले आणखी काही खरे लिहीत गेल्या. एवढी वर्षे जे कागदावर उतरत नव्हते, ते ओळीओळीने उतरू लागले. यंत्राने चुकीचे लिहिले, की खरे काय होते ते सांगणे भागच पडे. आपल्या माणसाविषयी कोणी भलतेच बोलू लागले, तर आपण गप्प बसतो का?

यंत्राने सगळेच वाईट लिहिले, असे मात्र नाही. एका कथेत बहीण लेखिकेचा हात हातात धरते, असा प्रसंग त्याने रचला. तोच हात आज हे लिहीत आहे, असेही त्याने पुढे लिहिले. वारांना या ओळी फार आवडल्या. बहीण असतानाचे आयुष्य आणि ती गेल्यानंतरचे आयुष्य त्या हाताने जोडले गेले होते. वाचताना आपणही क्षणभर थांबतो. मग लक्षात येते, की हे लिहिणाऱ्याला हातच नाही!

या नऊ कथा 'घोस्ट्स' या नावाने २०२१ साली अमेरिकेतील 'द बिलीव्हर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. त्या पुष्कळ वाचल्या गेल्या. काहींना भीतीही वाटली, की उद्या लेखकांची गरजच उरणार नाही. शिवाय लेखकांची पुस्तके त्यांना न विचारता यंत्रांना पुरवली गेली, अशी तक्रार आहे. २०२३ साली अमेरिकेतील लेखकांच्या संघटनेने ओपनएआयविरुद्ध न्यायालयात दावाही दाखल केला.

वारांनी एक गोष्ट फार चांगली केली, असे मला वाटते. कोणते शब्द कोणाचे, हे त्यांनी लपवले नाही. स्वतःची वाक्ये त्यांनी ठळक अक्षरांत छापली आणि यंत्राची साध्या अक्षरांत. पहिल्या कथेत ठळक अक्षरांतले एकच वाक्य आहे; बाकी सारे यंत्राचे. नवव्या कथेत जवळजवळ सगळा मजकूर ठळक अक्षरांत आहे. त्या कथेत बहीण बरी होत नाही. यंत्राच्या वाट्याला तिथे अगदी थोड्या ओळी उरल्या आहेत.