गाडीत पावसाचं पाणी येतंय? आधी वाट शोधा, मग ट्यूब उघडा



जूनमध्ये दोन-तीन मोठ्या सरी पडल्या की छोट्या गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. "पायाखाली पाणी साचतंय." काच फुटलेली नसते, दार नीट लागत असतं, तरी मॅट उचलली की खाली पाणी. मग काय होतं? मेकॅनिक काचेच्या कडेने सिलिकॉनची ट्यूब फिरवतो, थोडे पैसे घेतो, ग्राहक जातो. पुढच्या पावसात तोच ग्राहक परत येतो, या वेळी चिडून. तिसऱ्यांदा तो येतच नाही, पण चार लोकांना सांगतो.

तुमचं गॅरेज असेल, वॉशिंग सेंटर असेल, जुन्या गाड्यांचा व्यवहार असेल किंवा एकाच टूरिस्ट गाडीवर घर चालत असेल, तर व्हिडिओत दाखवलेलं सगळं इथे क्रमाने लिहून देतोय. एक वाक्य मनात पक्कं करा: पाणी जिथे दिसतं, तिथूनच ते आत आलेलं असतं असं नाही. छतातून शिरलेलं पाणी खांबातून उतरून पायाशी येतं. मागच्या दिव्यातून शिरलेलं पाणी स्टेपनीच्या खड्ड्यात सापडतं. वाट सापडली की काम बऱ्याचदा छोटं असतं. वाट न शोधता केलेलं काम मात्र महागात पडतं.

## गाडी पाणी कसं सांभाळते?

आपल्याला वाटतं, गाडी म्हणजे बंद डबा. तसं नाहीये. गाडीच्या कितीतरी भागांत पाणी शिरणारच हे धरूनच ती बनवलेली असते. शिरलेलं पाणी ठरलेल्या वाटेने बाहेर सोडायचं, ही खरी पद्धत.

एक हिशेब करू. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी. पुढची काच आणि आजूबाजूचा भाग मिळून २ चौरस मीटर धरा. कोकणात जुलैमध्ये दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस काही नवलाचा नाही. म्हणजे एका दिवसात २०० लिटर, पाण्याचे २० लिटरवाले १० जार! यातलं बरंचसं पाणी वायपरखालच्या जाळीतून जातं आणि तिथल्या छोट्या भोकांतून चाकामागे खाली पडतं. ती भोकं बुजली, तर पाणी जाणार कुठे?

## आधी बघा, पाणी पावसाचंच आहे का?

पायाखालचं प्रत्येक पाणी पावसाचं नसतं. पांढरा टिश्यू पेपर दाबून बघा.

- पाणी स्वच्छ आहे आणि कोरड्या दिवशीही एसी लावल्यावर येतं: एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हे पाणी डाव्या सीटच्या पायाशी येतं. दमट दिवशी एसी १५-२० मिनिटं चालवा. गाडीखाली थेंब पडायला हवेत. नाही पडले तर संशय पक्का.
- पाणी रंगीत, थोडं चिकट, गोडसर वासाचं आहे: हे कूलंट आहे. हीटरचा छोटा रेडिएटर किंवा त्याचा पाइप गळतोय. कूलंट विषारी असतं, चव वगैरे बघू नका.
- पाणी मातकट आहे, पाऊस झाला किंवा गाडी धुतली की येतं: आता पावसाच्या वाटेला लागा.

## ग्राहकाला पाच प्रश्न विचारा

पाना हातात घेण्याआधी वही घ्या. हे पाच प्रश्न तुमचा अर्धा तास वाचवतात.

1. पाणी गाडी उभी असताना येतं की चालताना? चालतानाच येत असेल तर चाकाने उडवलेलं पाणी खालून शिरतंय का, तेही बघा.
2. गाडी कुठे उभी असते? झाडाखाली, उतारावर, नाक वर की खाली?
3. ब्रेक मारल्यावर किंवा वळताना छतातल्या दिव्यातून पाणी पडतं का? तसं असेल तर पाणी छताच्या आत साचतंय.
4. गेल्या वर्षभरात काय काम झालं? काच बदलली, स्पीकर लावले, कॅरिअर बसवला, डेंटिंग-पेंटिंग झालं?
5. सकाळी काचा आतून धुरकट असतात का? नेहमीच असतील तर कार्पेटखाली ओल मुरली असण्याची दाट शक्यता आहे, वरून सगळं कोरडं दिसलं तरी.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर अजिबात सोडू नका. कितीतरी गळत्या जुन्या कामातून जन्माला येतात.

## नेहमीच्या पाच जागा

१. वायपरखालची जाळी. गाडी चिंचेखाली किंवा गुलमोहराखाली लागत असेल तर पहिला संशय इथेच. त्यांची बारीक पानं जाळीतून सहज आत जातात, कुजतात आणि भोकांवर चिखलाचं बुच बसतं. मग पाणी वर चढतं आणि हवेच्या मार्गातून आत उतरतं. जाळी काढा, कचरा हाताने उचला, मग साधं पाणी सोडा. कचरा पाण्याने आत ढकलू नका, तो खाली जाऊन अडकेल.

२. सनरूफ. सनरूफच्या रबरातून थोडं पाणी आत येणं धरलेलंच असतं. ते खालच्या पन्हाळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून, बहुतेक गाड्यांत चार, खाली उतरतं. प्रत्येक कोपऱ्यात हळूहळू कपभर पाणी ओता आणि गाडीखाली येतंय का बघा. तुंबलं असेल तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत घाला. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारू नका. नळी आत कुठेतरी सांध्यातून निसटली तर सगळं छत उतरवावं लागेल.

३. दार. काचेच्या कडेने पाणी दाराच्या पोटात जातंच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराच्या पॅडमागे एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर किंवा काचेची मशीन बदलताना कोणी हा पडदा फाडला किंवा नीट चिकटवला नाही, तर पहिल्याच पावसात उंबरठ्याशी ओल दिसते. पडदा नव्याने ब्युटाइल टेपने चिकटवा आणि दाराखालची भोकं मोकळी करा. दाराच्या रबराची तपासणी तर फुकट होते. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडायला हवी. जिथे सहज सुटते तिथे रबर बसलंय किंवा दार झुकलंय.

४. पुढची काच. कारखान्यात ही काच युरेथेनने चिकटवलेली असते. काच बदलताना जुना थर, धूळ किंवा गंज नीट साफ केला नसेल तर चिकट सुटतो. यावर खरा इलाज काच काढून पुन्हा बसवणं. ते काम काचेच्या कारागिराकडेच द्या.

५. मागची बाजू. मागच्या दिव्यांची गॅस्केट, डिकीचं रबर, छतावरची अँटेना, कॅरिअरचे बोल्ट, नंबरप्लेटच्या दिव्याची जागा. सुरुवात स्टेपनीचा खड्डा कोरडा करून करा. पाणी किती वेळात आणि कुठल्या बाजूने परत येतं, त्यावरून दिशा कळते.

आणखी एक जागा लक्षात ठेवा. फॉग लॅम्प, रिव्हर्स कॅमेरा किंवा हॉर्नची वायर आत घेताना कोणी नवीन भोक पाडलंय किंवा रबरी बुच काढून तसंच ठेवलंय का, ते बघा.

## पाणी मारून तपासायची रीत

प्रेशर वॉशर बाजूला ठेवा. त्याच्या जोराने चांगल्या रबरातूनही पाणी जातं आणि तुम्ही भलत्याच जागी काम करत बसता.

आधी आतला भाग पुसून कोरडा करा आणि संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा किंवा वर्तमानपत्र अंथरा. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसेल, दुसरा साधा पाइप घेऊन बाहेर. पाण्याची धार मंद ठेवा. खालून वर जायचं. आधी उंबरठा, मग दार, मग काचेची खालची कड, शेवटी छत. प्रत्येक जागेवर ५ ते १० मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. पावडरवर उमटलेली रेघ म्हणजे पाण्याची वाट. तिचा फोटो काढा. ग्राहकाला पटवायला याहून चांगला पुरावा नाही.

## सिलिकॉनचं काय?

सिलिकॉन वाईट नाही, आंधळेपणाने लावलेलं सिलिकॉन वाईट. बाजारातल्या ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, त्यातून सुकताना ॲसिड निघतं आणि उघड्या पत्र्याला गंज लागायला मदत होते. शिवाय सिलिकॉनचा थर राहिला की त्यावर काचेचं युरेथेन नीट धरत नाही. म्हणजे आजचं स्वस्त काम उद्याचं बरोबर काम अवघड करून ठेवतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकंच सिलिकॉनने बंद करणं!

## गळती थांबली, काम संपलं नाही

कार्पेटखाली जाड फोम किंवा नमद्याचा थर असतो. तो पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर कोरडं, खाली मूठ दाबली तर पाणी. हे तसंच सोडलं तर आधी वास, मग बुरशी, मग फ्लोअरला गंज. काही गाड्यांत वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिट याच भागात असतात. जोडांवर हिरवट थर चढला की कधी सेंट्रल लॉक बिघडतं, कधी मीटरवर दिवे लागतात, आणि कारण कोणाला सापडत नाही.

वाळवण्यासाठी कार्पेट खरोखर उचलावं लागतं. सीट काढायची असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असू शकतो. तो सुटा असताना इग्निशन चालू करू नका. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी केबलला हात लावू नका. मग पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी काढा, फोमखाली हवा जाईल असा पंखा लावा. पावसाळी हवेत दोन-तीन दिवस धरूनच चला. परफ्यूमची बाटली हा वासावर इलाज नाही.

## आता धंद्याचं बोलू

समजा, सिलिकॉन लावायचे तुम्ही ३०० रुपये घेतले. ट्यूब १५० ची, हातात १५०. काम अर्ध्या तासाचं. ग्राहक दोनदा परत आला, प्रत्येक वेळी तासभर फुकट गेला. म्हणजे अडीच तासांचे १५० रुपये, तासाला ६०. आता दुसरी पद्धत. दोन तासांची तपासणी, ८०० रुपये, आधी सांगून. तासाला ४००, आणि दुरुस्तीचे पैसे वेगळे. आकडे हिशेबापुरते आहेत, आपल्या गावाप्रमाणे बदला. मुद्दा असा की आपण ट्यूब विकत नाही, वाट शोधून देतो. पैसे त्याचेच घ्यायचे.

त्यासाठी चार सवयी लावा.

- तपासणीचा दर जॉब कार्डवर वेगळा लिहा. "पाणी शोधायलाच पैसे?" असं ग्राहक विचारेल. त्याला आधीच्या गाडीतल्या पावडरवरच्या रेघेचा फोटो दाखवा.
- गाडी देण्याआधी त्याच्यासमोर पुन्हा पाणी मारा.
- गाडी वॉरंटीत असेल तर काही उघडू नका. आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. आज एक काम जाईल, पण माणूस जोडला जाईल.
- विम्याबद्दल खोटी आशा देऊ नका. पुराने झालेलं नुकसान स्वतःच्या गाडीच्या विम्यात बसतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. रबर झिजून झालेली गळती ही झीज धरली जाते, तिचे पैसे मिळत नाहीत.

टूरिस्ट गाडीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. तुमची गाडी दोन दिवस उभी म्हणजे दोन दिवसांची कमाई गेली, आणि हप्ता काही थांबत नाही. ओल्या वासाच्या गाडीत बसलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी तुम्हाला फोन करत नाही, ते वेगळंच. म्हणून हे काम मे महिन्यात उरकायचं. मृग नक्षत्र लागायच्या आधी एक सकाळ काढा. जाळी साफ, दाराची भोकं मोकळी, कागदाची पट्टी सगळ्या दारांना, स्टेपनीचा खड्डा बघून घेतला, झालं. एक-दोन तासांचं काम आहे.

आणि गॅरेजवाल्यांनो, हीच यादी कागदावर छापा, दर लिहा आणि मेच्या पहिल्या आठवड्यात जुन्या ग्राहकांना पाठवा. पाऊस दर वर्षी येतो, तारीखही साधारण ठरलेली असते. इतकं आधी कळवून येणारं काम दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतं सांगा!